पूर्वेकडची वीस झाडं

सकाळी सहाला पॉलिहाऊसच्या पूर्व दाराशी टांगलेल्या काट्याने दमटपणा चौऱ्याण्णव टक्के दाखवला, तेव्हा लुआन मास्तरांनी काचेवर नखाने दोनदा टिचकी मारली. काटा हलला नाही. पाऊस अजून सुरू झाला नव्हता. पण खाव लुआंग डोंगरावरून उतरलेले धुके पॉलिहाऊसच्या प्लास्टिकला बाहेरून चिकटून बसले होते आणि आतल्या बाजूने त्याच प्लास्टिकवर थेंब धरले होते. सहाही पंखे चालू होते. मास्तरांनी वहीत आकडा लिहिला, त्याच्यावर पहाटे दोनला घेतलेला आकडा होता, त्याच्याशी ताडून पाहिला, आणि रोजच्या क्रमाने पश्चिमेकडच्या तीस झाडांपासून पाहणीला सुरुवात केली.

ती तीस झाडे पाहून कोणाचेही मन निवले असते. माणसाच्या दीडपट उंची, बोटांसारखी अरुंद पाने, आणि प्रत्येक फांदीच्या टोकाला लांब, विरळ, भुरभुरीत तुरा. या तुऱ्यांमुळेच डोंगरातली माणसे ह्या गांजाला ‘उदमांजराचं शेपूट’ म्हणत आली होती. तुरा विरळ असल्याने त्यातून वारा खेळतो आणि ओल्या हवेतही बुरशी चटकन धरत नाही. पण हे वाण फुलल्यापासून पिकेपर्यंत तीन महिने घेते, आणि देशाच्या ह्या दक्षिण भागात ते तीन महिने नेमके सर्वांत ओले असतात.

मधला जाड काळ्या प्लास्टिकचा पडदा सारून मास्तर परत पूर्वेच्या भागात आले. इथली वीस झाडे तितकीच उंच होती, तितकीच हिरवी होती, आणि नोव्हेंबर उजाडला तरी त्यांच्यावर एकही तुरा नव्हता.

एकाच बाटलीतले बी, एकाच दिवशी लावलेले. माती तीच, पाणी तेच. मास्तरांनी तांत्रिक महाविद्यालयात एकतीस वर्षे शीतयंत्रे शिकवली होती. यंत्र बंद पडले की आधी सगळे सारखे असलेले भाग बाजूला काढायचे आणि जो वेगळा आहे तो शोधायचा, हे त्यांनी शेकडो मुलांना सांगितले होते. इथे वेगळे काय, ते त्यांना सापडत नव्हते.

ते बी त्यांच्या आईचे होते. आई पाने आमटीत टाकायची, गुडघ्याला बांधायची, आणि दरवर्षी डोंगरातल्या बागेत मूठभर बी राखायची. आई गेल्यावर थोरल्या बहिणीने, छलुआयने, ती बाटली चुलीमागच्या राखेत पुरून ठेवली. पोलीस दोनदा घर उलथून गेले, पण राखेत कोणी हात घातला नाही. मग कायदा बदलला, गावात लागवडीसाठी गट उभा राहिला, मास्तर त्याचे व्यवस्थापक झाले, जिल्ह्याच्या रुग्णालयाला औषधासाठी गांजा पुरवायचा करार झाला, आणि छलुआयने बाटली उजळ माथ्याने टेबलावर ठेवली. परवाना एका हंगामाचा होता, चाचणीपुरता. त्यात एक कलम होते: पीक एकसारखे आले नाही तर बियाणे बेभरवशाचे समजले जाईल, शिल्लक बी ताब्यात घेऊन जाळले जाईल आणि पुढच्या वर्षीपासून गटाला सरकारी रोपे मिळतील. तपासणीला अधिकारी ओरवान बाई डिसेंबरच्या नऊ तारखेला येणार होत्या.

छलुआय बहात्तर वर्षांची होती आणि तिची जीभ अजून विशीतली होती. मास्तर तिला आकडे वाचून दाखवू लागले की ती म्हणायची, “तू पाणीसुद्धा आधी मोजशील आणि मग पिशील.” पण त्या सकाळी ती पूर्वेच्या झाडांमध्ये बराच वेळ उभी राहिली आणि तिने थट्टा केली नाही. डोंगरात असे कधी झाले नव्हते, एवढेच ती म्हणाली.

डोंगरात असे का झाले नव्हते, ह्याचा विचार करता करता मास्तरांना उत्तर सापडल्यासारखे वाटले. ह्या झाडाला फुलायला लांब आणि सलग अंधार लागतो. रात्र मध्येच मोडली की झाड समजते, अजून दिवस मोठे आहेत. आणि ते नुसते वाढत राहते. डोंगरातल्या बागेत रात्र मोडणारे काही नव्हते. इथे होते. पूर्वेच्या दारापासून साठ पावलांवर, दुरियानच्या झाडांपलीकडे, ख्लायचे घर होते, आणि त्याच्या पडवीत रात्रभर एक दिवा जळत असे.

ख्लाय चाळिशीचा, गटाचाच सभासद. त्याचा जीव त्याच्या शिपाई बुलबुलात होता. पिंजरा पडवीत टांगलेला असे. दिव्याच्या उजेडात साप वर चढत नाहीत, अशी त्याची खात्री होती, म्हणून दिवा. त्या पक्ष्याने तीन जिल्ह्यांच्या गाण्याच्या स्पर्धा जिंकल्या होत्या आणि ख्लाय त्याला स्वतःच्या आधी केळे भरवी.

मास्तरांनी नकाशा काढला, अंतर मांडले, कोन मांडला आणि गटाच्या बैठकीत सगळ्यांसमोर तो कागद उघडला. चहाच्या टपरीवर बैठक होती. ऐकायला गटाबाहेरचेही पाचसहा जण होते.

“मास्तर, तो दिवा पाच वॅटचा आहे,” ख्लाय म्हणाला. “त्याच्या उजेडात मला माझी बायको ओळखू येत नाही. तुमच्या झाडांना काय दिसणार?”

लोक हसले. मास्तर हसले नाहीत.

“झाडाला कोणाची बायको ओळखायची नसते. उजेड आहे की नाही, एवढंच त्याला कळतं. तुझ्या पक्ष्यासाठी आमच्या आईचं बी जळणार असेल, तर तसं इथं सगळ्यांसमोर सांग.”

ख्लायने पेल्यातली कॉफी संपवली, आणि त्याच संध्याकाळी दिवा उतरवला. ती पाच तारीख होती.

सात तारखेला पाऊस लागला. आठ तारखेच्या रात्री सापाने पिंजऱ्याच्या काड्या वाकवून बुलबुल नेला. सकाळी मास्तर पूर्वेच्या दाराशी आले तेव्हा पलीकडे पडवीत रिकामा पिंजरा त्याच खुंटीला टांगलेला त्यांना दिसला. त्यांनी काट्याकडे पाहिले आणि आकडा लिहिला.

पाऊस बारा दिवस थांबला नाही. रबराच्या झाडाची साल ओली असताना चीक काढता येत नाही, म्हणून सगळे गाव घरात बसले. मास्तरांची स्वतःची दोनशे रबराची झाडे होती; त्यांचीही सुरी खुंटीवर राहिली. एकोणीस तारखेला पूर्वेच्या झाडांच्या पेरांमध्ये पांढरे केस दिसले. कापसाच्या तंतूसारखे, जोडीजोडीने. फुलोऱ्याची ती पहिली खूण. मास्तरांनी वीसही झाडे तपासली आणि वीसही झाडांवर ते होते.

त्या दिवशी ते गटातल्या प्रत्येकाच्या दारी जाऊन सांगून आले. ख्लायचे दार तेवढे वगळले.

“त्याला नाही सांगितलंस?” छलुआयने विचारले.

“त्याला कळेलच.”

“त्याचा पक्षी गेलाय,” ती म्हणाली. “आपलं खरं निघालं तरी एकदा जाऊन यावं माणसानं.”

जाऊ, असे मास्तर म्हणाले आणि गेले नाहीत.

वीस तारखेला ढग फाटले. गावाने नऊ रात्री सलग चीक काढला. बारा दिवसांची खोट भरून काढायची होती. मग पुन्हा पाऊस लागला, ह्या वेळी वाऱ्यासकट. डिसेंबरच्या दोन तारखेला मास्तर पूर्वेच्या झाडांमध्ये शिरले आणि पहिल्याच झाडाशी थबकले. पांढरे केस सुकून तांबूस झाले होते. त्यांच्यामधून बारीक, एकेरी, गुळगुळीत कडांची पाने वर आली होती. ती पाने त्यांनी कधी पाहिली नव्हती, पण त्यांचा अर्थ त्यांना ठाऊक होता. झाडाने फुलायचे सोडून पुन्हा वाढायला घेतले होते. रात्र पुन्हा मोडली होती.

त्यांनी प्लास्टिक पुसून ख्लायच्या घराकडे पाहिले. पडवीत दिवा नव्हता. महिनाभर नव्हता.

घरी येऊन त्यांनी वही उघडली. ऑगस्टपासून प्रत्येक पानावर तीन रकाने होते: सकाळी सहा, दुपारी दोन, पहाटे दोन. सकाळचा आणि दुपारचा रकाना अखंड भरलेला. पहाटेचा रकाना मात्र सात नोव्हेंबरपासून बारा दिवस कोरा होता, मग नऊ दिवस भरलेला, मग पुन्हा कोरा. पावसात ते चीक काढायला उठत नव्हते. उठत नव्हते, म्हणून रबराकडे जाताना वाटेत पूर्वेच्या दाराने आत शिरून काटा वाचत नव्हते.

मास्तरांनी बोट त्या कोऱ्या रकान्यावर ठेवले. तो कोरा होता तेव्हाच केस आले होते.

चीक काढणाऱ्या माणसाच्या कपाळावर दिवा असतो. घर सोडताना लावायचा आणि उजाडल्यावर काढायचा. तो आहे, हे चपलेसारखेच कोणाच्या लक्षात राहत नाही. मास्तर रोज पहाटे दोनला तो दिवा घेऊन आत जात, काटा वाचत, काच पुसत, आकडा लिहीत, आणि मग सवडीने वीस झाडांची पाने एकेक करून उलटवून बुरशी शोधत. दहा मिनिटे, कधी पंधरा. पडद्यापलीकडच्या तीस झाडांची पाळी ते दिवसा घेत.

तरीही त्यांनी मोजून पाहिले. महाविद्यालयातून निवृत्त होताना मिळालेले उजेड मोजायचे यंत्र काढले, पंपाच्या खोलीचे दार लावले आणि दोन हातांवरून कपाळावरचा दिवा त्याच्यावर धरला. काटा पार उजवीकडे गेला. मग दुकानातून पाच वॅटचा बल्ब आणून खोलीच्या दारापासून साठ पावलांवर, सावलीत पेटवून ठेवला, दार बोटभर उघडे ठेवले, आणि सायंकाळ पडल्यावर पुन्हा पाहिले. काटा जागचा हलला नाही.

चार तारखेला पश्चिमेच्या सतराव्या झाडावर बुरशी आली. वरच्या तुऱ्याचे एक पान अकाली पिवळे पडले होते. मास्तरांनी ते ओढले तेव्हा ते सहज हातात आले आणि त्याच्या मुळाशी राखाडी कापूस दिसला. झाड उपटता येत नव्हते. प्रत्येक झाडाला क्रमांकाची चकती होती आणि अधिकाऱ्यांच्या नजरेआड एक झाड कमी झाले तरी परवाना गेला असता. त्यांनी तुऱ्यावर कागदी पिशवी चढवून ती खालून बांधली, पंखा तिकडे वळवला, आणि अजून पाच दिवस, असे स्वतःशी मोजले.

त्याच दुपारी त्यांनी छलुआयला सगळे सांगितले. ती सतोच्या शेंगा सोलत होती. तिने हात थांबवला नाही.

“म्हणजे बी चांगलं आहे,” ती शेवटी म्हणाली.

“बी चांगलं आहे.”

“पण बाईंना ते दिसणार नाही. त्यांना तीस पिकलेली आणि वीस हिरवी दिसणार.”

मास्तर म्हणाले की कारण लिहून देता येते. तपासणीच्या तक्त्यात ‘कारण’ असा रकाना आहे. व्यवस्थापकाची चूक सिद्ध झाली तर व्यवस्थापक बदलतात, त्याचे ओळखपत्र जाते, त्याला पुन्हा कुंपणाच्या आत पाऊल टाकता येत नाही. पण बियाण्याला हात लावत नाहीत.

“आणि ख्लायचा दिवा लिहिला तर?”

हा विचार दोन दिवस मास्तरांच्या मनात येरझारा घालत होता आणि तो बहिणीच्या तोंडून ऐकताना त्यांना लाज वाटली. गावाने तो आरोप ऐकलेला होता. नकाशा तयार होता. दिवा उतरवल्यावर केस आले, हे सगळ्यांनी पाहिलेले होते. ख्लाय गटातून गेला असता, बी राहिले असते, आणि मास्तरही राहिले असते.

“तू काय लिहायचं ते तू ठरव,” छलुआय म्हणाली. “मी त्या बाटलीसाठी दोनदा पोलिसांशी खोटं बोलले आहे. तिसऱ्यांदाही बोलेन. पण तेव्हा त्या खोट्यानं दुसऱ्या कोणाचं घर मोडत नव्हतं.”

आठ तारखेला संध्याकाळी मास्तर ख्लायकडे गेले. ख्लाय पडवीत बसून मंगोस्तीनची फळे भरायच्या टोपल्या विणत होता. मास्तरांनी वही उघडली, रकाने दाखवले, तारखा सांगितल्या, आणि चूक माझी होती असे म्हणाले. उद्या बाईंसमोर हेच लिहून देणार आहे; पण त्या नऊ रात्री तुझा दिवा बंद होता हे तुझ्याशिवाय कोणी सांगू शकत नाही, हेही त्यांनी सांगितले.

ख्लायने टोपलीची कड वळवून पुरी केली.

“झालं सांगून?” त्याने विचारले. मग टोपल्या उचलून तो आत गेला आणि त्याने दार लोटून घेतले.

नऊ तारखेला ओरवान बाई दहाला आल्या. रस्त्यावर पाणी होते, गाडी पुलापाशी ठेवून त्या अर्धा मैल चालत आल्या होत्या आणि त्यांच्या पँटला गुडघ्यापर्यंत चिखल होता. गटाचे अकरा जण हजर होते. ख्लाय नव्हता. बाईंनी पश्चिमेची झाडे पाहिली, तुरा बोटांनी दाबून पाहिला, वास घेतला, सतराव्या झाडाची पिशवी उघडून पाहिली आणि मान हलवली. मग पडदा सारून त्या पूर्वेकडे गेल्या. तिथे त्यांना फार वेळ लागला नाही.

“मास्तर, वाईट वाटतं मला,” त्या बाहेर येऊन म्हणाल्या. “तिकडचा माल मी ह्या जिल्ह्यात पाहिलेला सर्वांत चांगला आहे. पण एकाच बियाण्यातून दोन तऱ्हेची झाडं आली, तर मी काय लिहू?”

मास्तरांनी वही टेबलावर ठेवली. ते उभे राहून बोलले, वर्गात बोलत तसे; आधी काय दिसले, मग काय मोजले, मग काय निघाले. आपल्या कपाळावरच्या दिव्याचे त्यांनी गावातल्या अकरा माणसांसमोर सांगितले तेव्हा मागे कोणीतरी हलकेच ‘अरे देवा’ म्हटले. टपरीवर ख्लायला जे बोललो ते चुकीचे होते, हेही त्यांनी सांगितले.

ओरवान बाईंनी रकाने नीट पाहिले. दोनदा पाहिले.

“वही तुमची. अक्षर तुमचं. मोजमाप तुमचं,” त्या म्हणाल्या. “तुम्ही खोटं बोलताय असं मी म्हणत नाही. पण बी वाचवायला माणूस स्वतःवर ओढून घेतो, हे मी पाहिलंय. शेजारचा दिवा त्या नऊ रात्रींत चालू होता की नव्हता? तो चालू असेल तर तुमचा हिशेब कोसळतो. चालू नव्हता, हे कोण सांगणार?”

रात्री दोनला सगळे आपापल्या रबरात असतात. दुसऱ्याच्या पडवीकडे कोण पाहणार? बाईंनी घड्याळ पाहिले. पुलावरचे पाणी दुपारनंतर वाढणार होते. त्यांनी तक्ता पुढे ओढला, पेनाचे टोपण काढले आणि ‘बियाणे’ ह्या शब्दापाशी पेन टेकवले. छलुआयने टेबलाची कड धरली.

“दिवा बंद होता.”

ख्लाय कुंपणाच्या फाटकात उभा होता, डोक्यावर खताचे पोते पांघरून. बाईंनी त्याला आत बोलावले आणि कधीपासून, असे विचारले.

“पाच नोव्हेंबरपासून. आजपर्यंत एकदाही लावला नाही.”

“पक्षी गेल्यावरही नाही? मग लावायला काय हरकत होती?”

“लावला असता तर मास्तर पुन्हा नकाशा घेऊन आले असते,” ख्लाय म्हणाला. कोणी हसले नाही, आणि तोही हसवायला बोलला नव्हता. “माझ्या बायकोला विचारा, सासूला विचारा. महिनाभर अंधारात शिव्या देत परसाकडे जातायत दोघी.”

बाईंनी त्याच्या बायकोला बोलावून घेतले, वेगळे उभे करून विचारले. मग त्या परत टेबलाशी बसल्या आणि त्यांनी तक्ता मास्तरांकडे सरकवला. ‘कारण’चा रकाना दोन ओळींचा होता. मास्तरांनी तेरा ओळी लिहिल्या. बाईंनी त्यांना वेगळा कागद जोडू दिला. खाली मास्तरांनी सही केली, तारीख घातली. बाईंनी त्यांच्या गळ्यातले ओळखपत्र मागून घेतले.

निर्णय त्यांनी उभ्यानेच वाचून दाखवला. बियाणे गटाकडे राहील. पश्चिमेचा माल आज त्यांच्यासमोर मोजून कापायचा, बुरशी लागलेला तुरा त्यांच्यासमोर जाळायचा. पूर्वेची वीस झाडे जानेवारीच्या अखेरीपर्यंत उभी राहतील आणि नव्या व्यवस्थापकाच्या हाताखाली फुलली, तर बियाण्यावरचा शेरा पुसला जाईल. नवा व्यवस्थापक आत्ताच ठरवायचा.

अकरा माणसे एकमेकांकडे पाहू लागली. छलुआय म्हणाली, ख्लाय.

“मला लिहायचा कंटाळा आहे,” ख्लाय म्हणाला.

“चांगलंच आहे,” ती म्हणाली. “रात्रीचा तरी आत शिरणार नाहीस.”

मास्तरांनी किल्ल्या टेबलावर ठेवल्या. सतराव्या झाडाच्या शेजारची दोन झाडेही आधी तपासायला हवीत, कापताना सुरी प्रत्येक झाडानंतर पुसायला हवी, असे ते ख्लायला सांगू लागले. ख्लायने ऐकून घेतले, मग फाटकाकडे नजर टाकली.

“मास्तर,” तो म्हणाला, “बाई थांबल्यात.”

मास्तर कुंपणाबाहेर आले. पाऊस पुन्हा सुरू झाला होता. प्लास्टिकवर त्याचा इतका आवाज होत होता की आतले बोलणे कळत नव्हते. फक्त छलुआयचा खणखणीत आवाज वर येत होता. ती चकत्यांचे क्रमांक वाचत होती आणि बाई ते तक्त्यात टिपत असणार. मास्तर कुंपणाशी उभे राहून ऐकत होते. सोळानंतर आवाज थांबला. बराच वेळ काही आले नाही. मास्तरांनी कुंपणाची तार धरली. मग छलुआय म्हणाली, सतरा. आणि थोड्या वेळाने, अठरा. एकोणीसला तिचा आवाज पुन्हा पहिल्या वेगाने येऊ लागला. पडद्यापलीकडची वीस झाडेही मोजायची होती. मास्तर भिजत उभे राहिले, आणि पन्नास ऐकल्यावर घराकडे वळले.